मोटारीच्या चाकाचे बेअरिंग



जालन्याहून अंबड, मंठा, भोकरदन, जाफराबाद या बाजूंना रोज सकाळी ज्या मोटारी निघतात, त्यांत शिक्षकांच्या मोटारी पुष्कळ असतात. चार-पाच गुरुजी, कधी एक-दोन बाई, पेट्रोलचा खर्च वाटून घेतात आणि एकाच गाडीने जा-ये करतात. आपल्याकडे याला ‘अपडाऊन’ असे सुटसुटीत नाव पडले आहे. त्याच रस्त्याने मोसंबीने भरलेले पिकअप जातात, बियाण्यांची पोती जातात, सळईचे ट्रक जातात आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या. या सगळ्या वाहनांचे ओझे शेवटी कशावर तोललेले असते? टायरवर, असे आपण पटकन सांगतो. टायर तर खराच. पण टायर आणि गाडी यांच्यामध्ये, चाकाच्या अगदी पोटात, पोलादाचे एक कडे असते. लहान मोटारीत ते तळहातावर मावेल एवढेच असते. त्याला बेअरिंग म्हणतात. ते झिजले म्हणजे कसे ओळखावे आणि बदलताना काय पाहावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

तुम्ही विचाराल, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने हा विषय का घ्यावा? कारण सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा दिवाळीच्या सुटीनंतर आलाच नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की त्याचे वडील गावच्या फाट्यावर सायकल धरून उभे असताना समोरून येणाऱ्या एका पिकअपचे पुढचे चाक निखळले, उड्या मारीत रस्त्याच्या कडेला आले आणि त्यांच्यावर आदळले. मांडीचे हाड मोडले. मुलाने ते वर्ष शेतावर काढले. मी भेटायला गेलो तेव्हा पिकअपचा चालकही तिथेच बसलेला होता. तो म्हणाला, “सर, दोन महिन्यांपासून गाडी घूं घूं करायली होती. मला वाटलं टायरचा आवाज असंल. मोसंबीचा हंगाम होऊ द्या, मग दाखवू, असं म्हणत राहिलो.” त्याचे ते ‘दोन महिने’ माझ्या मनातून गेले नाहीत. चाकाने दोन महिने आधी सांगितले होते. ऐकणाऱ्याला त्याची भाषा येत नव्हती. पुढे मी सुटीच्या दिवशी गॅरेजात जाऊन मिस्त्रींच्या शेजारी बसू लागलो. यंत्रशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. जे सांगतो ते पाहिलेले, विचारलेले आणि पुस्तकांशी ताडून घेतलेले आहे.

ज्यांनी बैलगाडीचे चाक पाहिले आहे त्यांना बेअरिंग समजावून सांगणे अवघड नाही. बैलगाडीत लोखंडी आस जागेवर असतो आणि त्याच्याभोवती चाकाचा तुंबा फिरतो. फिरताना दोन्ही एकमेकांवर घासतात, म्हणून वंगण घालावे लागते. वंगण आटले की चाक कुरकुरते, बैलांना ओढ जड जाते. आता असे पाहा, धान्याची जड पेटी जमिनीवरून ओढायची झाली तर आपण काय करतो? तिच्याखाली दोन-चार गोल लाकडे सरकवतो. पेटी घासत नाही, गडगडत जाते. बेअरिंगमध्ये हीच युक्ती गोलाकार करून बसवली आहे. एक आतले कडे, एक बाहेरचे कडे, आणि दोहोंच्या मध्ये पोलादाच्या गोळ्या किंवा लाटण्यासारखे लहान रोलर. गोळ्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्यांना अडकवून ठेवणारी एक जाळी, आणि ग्रीस आत व चिखल बाहेर राहावा म्हणून दोन्ही तोंडांना सील. सायकलच्या चाकातले छर्रे तुमच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी रॉकेलमध्ये धुतले असतील. मोटारीचे बेअरिंग म्हणजे त्याच छर्र्यांचे थोरले भावंड.

ही कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. वेल्समधील फिलिप वॉन याने १७९४ साली घोडागाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत हेन्री टिमकेन नावाचा घोडागाड्या बनवणारा एक कारखानदार होता. गाडी वळणावर गेली की चाकावर नुसते वरून वजन येत नाही, बाजूनेही रेटा येतो. तो रेटा सोसण्यासाठी १८९८ साली त्याने निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. आज ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात, ट्रॉलीत, ट्रकमध्ये जे ‘टेपर’ बेअरिंग असते ते याच जातीचे. आपल्याकडे जयपूरला १९४६ साली नॅशनल बेअरिंग कंपनी स्थापन झाली, आणि १९६५ साली फ्रान्समधील नॅडेला कंपनीच्या सहकार्याने सुईसारख्या बारीक रोलरची बेअरिंगे करणारी कंपनी मुंबईत निघाली. तीच आजची एनआरबी. तिचा एक कारखाना आपल्या जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे, हे जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांना ठाऊक नसते. जालन्याच्या भट्ट्यांतून निघणारी सळई सर्वांना माहीत आहे. पण बेअरिंगचे पोलाद सळईच्या पोलादाहून फार वेगळे. त्यात सुमारे एक टक्का कार्बन आणि सुमारे दीड टक्का क्रोमियम असते, आणि ते तापवून व थंड करून इतके कठीण केलेले असते की त्यावर साधी कानस चालत नाही. शिक्षकांनी वर्गात कानस घासून दाखवावी. मुलांच्या ते कायमचे लक्षात राहते.

एवढे कठीण पोलाद, मग ते झिजते का?

गोळी आणि कडे यांचा स्पर्श मोहरीएवढ्या जागेत होतो. साऱ्या गाडीचा भार त्या चिमुकल्या जागांतून जातो. लहान मोटारीच्या चाकाचा घेर सुमारे पावणेदोन मीटर धरला, तर एका किलोमीटरला चाकाचे पावणेसहाशेच्या आसपास फेरे होतात. शंभर किलोमीटरच्या जाण्यायेण्यात सत्तावन्न हजार. प्रत्येक फेऱ्यात त्या जागेवर दाब येतो आणि जातो. तार पुनःपुन्हा वाकवली की शेवटी तुटते, तसेच इथे होते. पृष्ठभागाखाली बारीक तडा जातो, तो वर येतो आणि पोलादाची खपली निघते. मग गोळी त्या खळग्यावरून गडगडू लागते. आवाज सुरू होतो तो इथून.

पण हे नैसर्गिक म्हातारपण झाले. चांगले बेअरिंग एक लाख किलोमीटर सहज जाते. आपल्याकडे पुष्कळशी त्याआधीच मरतात, आणि त्यात ओझ्याचा दोष मोठा. माझ्या विषयाला साजेसा एक हिशेब सांगतो. गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मे होत नाही, आठव्या भागावर येते. भार दीडपट केला तर तीन भागांतला एक भागही उरत नाही. रोलरच्या बेअरिंगमध्ये ही घसरण थोडी अधिकच असते. एका खेपेत दीड खेपेचा माल नेला म्हणजे डिझेल वाचले, असा हिशेब आपण मांडतो. त्या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला हा घन मांडलेला नसतो.

दुसरे कारण पाणी. पावसाळ्यात आपल्याकडचे नाले फरशी पुलावरून वाहतात. चाळीस-पन्नास किलोमीटर चालून आलेल्या गाडीचे हब गरम झालेले असते. ते एकदम थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. त्याबरोबर काळ्या मातीचा गाळही जातो. ग्रीस पांढुरके होते, गोळ्यांना गंज चढतो. सर्व्हिसिंगच्या वेळी जोराच्या पाण्याचा फवारा थेट चाकाच्या मध्यावर मारणे हेही तितकेच वाईट. धुणाऱ्या पोराला तेवढे सांगत जा. तिसरे कारण खड्ड्यातली आदळ, आणि चौथे ज्याचा कोणी विचार करत नाही ते म्हणजे वेल्डिंग. गावात ट्रॉलीचा साटा जोडताना अर्थिंगची पकड भलतीकडेच लावली तर वीज बेअरिंगमधून वाहते आणि आत ठिणग्या उडून कड्यावर डाग पडतात. पकड जोडाच्या अगदी जवळ लावावी.

आता आवाज कसा ओळखायचा ते सांगतो. हे भाषण जे कोणी गाडी चालवता चालवता ऐकत असतील त्यांनी घटकाभर रेडिओ बंद केला तरी मला वाईट वाटणार नाही. कारण होते काय, गाडी घुमू लागली की पुष्कळ लोक रेडिओचा आवाज वाढवतात. एका अपडाऊनच्या गाडीत मी हे स्वतः पाहिले आहे. पाच शिक्षित माणसे, आणि उपाय काय तर गाण्याचा आवाज वाढवा.

झिजलेल्या बेअरिंगचा आवाज घुमणारा असतो. दूर कुठे पिठाची गिरणी चालू असावी तसा. ताशी तीस-चाळीसच्या पुढे तो स्पष्ट होतो आणि वेगाबरोबर वाढतो. पहिली परीक्षा अशी. सरळ, सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्षणभर क्लच दाबा. इंजिन मंदावते. आवाजही मंदावला तर दोष इंजिनकडचा. आवाज तसाच घुमत राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबरच कमी झाला, तर तो चाकांकडचा समजावा. उतारावर हा प्रयोग करू नये.

चाकांकडचा म्हणजे बेअरिंगचाच, असे मात्र नाही. टायर वेडेवाकडे झिजले तरी असाच आवाज होतो आणि इथेच चांगले चांगले फसतात. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. डांबरावर एक, सिमेंटवर दुसरा. बेअरिंगचा आवाज रस्ता बदलला तरी आपला सूर फारसा सोडत नाही. टायरवरून तळहात फिरवून पाहा. चढउतार लागले तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून गाडी चालवा. आवाज टायरबरोबर जागा बदलून गेला, तर बेअरिंगला बोल लावू नका.

दुसरी परीक्षा वळणाची. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचे ओझे उजव्या चाकांवर झुकते. डाव्या लांब वळणावर आवाज वाढला आणि उजव्या वळणावर कमी झाला, तर संशय उजव्या बाजूवर घ्यावा. उलट असेल तर डाव्या बाजूवर. बहुतेक वेळा हे बरोबर ठरते. पण नुसत्या एवढ्यावर विसंबून नवे बेअरिंग विकत आणू नये. वळताना ‘कट् कट्’ असा तुटक आवाज येत असेल तर तो बहुधा पुढच्या अॅक्सलच्या सांध्याचा असतो. ब्रेक दाबताच बदलणारा किंचाळण्याचा आवाज ब्रेकचा. आपल्याला हवा तो घुमणारा, एकसारखा.

आणखी एक दोन खुणा आहेत. सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून गाडी थांबवा आणि दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मध्याजवळ हाताची पाठ नेऊन पाहा. टेकवायची नाही, नुसती जवळ न्यायची. एक बाजू दुसरीपेक्षा पुष्कळ गरम वाटली तर तिथे काही बिघडले आहे. बेअरिंग तरी, किंवा ब्रेक धरून बसला आहे. कधी ब्रेकचे पेडल पहिल्यांदा खोल जाते आणि दुसऱ्यांदा दाबले की ठीक लागते. डिस्क ब्रेकच्या गाडीत चाक हलत असेल तर डिस्क पॅडना मागे ढकलते, म्हणून असे होते. नव्या गाड्यांत पुढच्या फळीवर ‘एबीएस’चा दिवा लागतो, बेअरिंगपाशी चाकाचे फेरे मोजणारे साधन असते, त्याची जागा हलली की त्याला नीट मोजता येत नाही. दिवा वायर तुटल्यानेही लागतो, म्हणून तो पुरावा नव्हे, फक्त इशारा.

आता चाक उचलून पाहू. सपाट कठीण जमीन हवी. बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. जॅकने गाडी उचलली की तिच्याखाली लोखंडी स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळा द्या. विटा देऊ नका. वीट वरून शाबूत दिसते आणि भाराखाली एकदम फुटते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालणे म्हणजे काय, हे मी वेगळे सांगायला नको.

चाकाचा माथा एका हाताने आणि तळ दुसऱ्या हाताने धरा. एक हात ओढा, दुसरा ढकला. खटका लागला तर चाकात ‘प्ले’ आहे, असे मिस्त्री म्हणतात. तो प्ले बेअरिंगचाच कशावरून? गाडीत कोणाला तरी बसवून ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. खटका नाहीसा झाला तर बेअरिंग. ब्रेक दाबूनही राहिला तर खालचा बॉल जॉइंट किंवा जुन्या गाडीतली किंग पिन पाहावी लागेल. चाक डावीउजवीकडून धरून हलवताना मात्र स्टिअरिंगच्या टाय रॉडचाही प्ले लागतो. तिथे गल्लत होते. मग चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात त्या चाकाच्या स्प्रिंगवर ठेवा. इंजिन बंदच हवे. चांगले बेअरिंग हाताला काहीच सांगत नाही. झिजलेले असेल तर स्प्रिंगमधून बारीक खरखर जाणवते, जात्यात खडा आल्यासारखी.

इथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. टेपर बेअरिंगमध्ये बहुधा आधी प्ले येतो, आवाज मागाहून. ट्रॅक्टर, ट्रॉली, जुनी जीप, जुनी अँबॅसडर यांचे चाक म्हणूनच हलवून तपासावे. नव्या लहान मोटारींत पुढच्या चाकाला दोन ओळी गोळ्यांचे, सीलबंद, दाबून बसवलेले बेअरिंग असते. ते आधी आवाज करते; प्ले येईपर्यंत काम फार पुढे गेलेले असते. “चाक तर हलत नाही, मग बेअरिंग ठीकच आहे,” असे कोणी म्हणाले तर हा फरक त्याला सांगावा. पिकअपच्या त्या चालकालाही एका दुकानात हेच उत्तर मिळाले होते.

मग बदलायचे. आधी खरेदी. बेअरिंगच्या कड्यावर आकडा कोरलेला असतो, आणि तो वाचता येतो. साध्या मालिकांमध्ये शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ६२०५ म्हणजे पंचवीस मिलिमीटर, ६२०४ म्हणजे वीस. शेवटी ०४ पासून पुढे हा नियम चालतो. ०३ म्हणजे मात्र सतरा. विहिरीवरच्या पंपाच्या मोटारीतही हेच आकडे सापडतील. गणिताच्या तासाला पाढ्यांना याहून जिवंत उदाहरण कोणते? लहान मोटारीच्या हबच्या बेअरिंगला पुष्कळदा कंपनीचा स्वतःचा क्रमांक असतो, तिथे हा नियम लागत नाही. जुन्या बेअरिंगवरचा क्रमांक उतरून न्यावा. नकली माल बाजारात आहे. छपाई पुसट, खोका सैल, किंमत संशयास्पद कमी असेल तर घेऊ नका, आणि अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसकट घ्या. पावती नसेल तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

टेपर बेअरिंग बदलणे हे काम हाताची सवय असलेला शेतकरी घरी करू शकतो. टोपी काढा, स्प्लिट पिन काढा, नट सोडा, हब बाहेर ओढा. रॉकेलने सारे स्वच्छ धुवा. धुतल्यावर हवेच्या नळीने बेअरिंग गरगर फिरवण्याचा मोह होतो. ते करू नका, रोलर निसटून डोळ्यात जाऊ शकतो. रोलरचा कोन आणि बाहेरचा कप ही जोडी असते. नवा कोन जुन्या कपात घालू नये. जुन्या कपातले खळगे नव्या रोलरला खातात. नवा कप हबमध्ये नेमका तळापर्यंत बसला पाहिजे. ग्रीस चाकाच्या बेअरिंगचे, उष्णता सोसणारे हवे, आणि ते तळहातावर घेऊन रोलरच्या जाळीत दाबून दाबून भरावे, दुसऱ्या बाजूने बाहेर दिसेपर्यंत. हबची सारी पोकळी ठासून भरू नये. जादा ग्रीस तापते आणि सील फोडून ब्रेकच्या लायनरवर जाते. मागचे सील नेहमी नवे घालावे.

नट आवळणे ही यातली खरी विद्या. चाक फिरवीत फिरवीत नट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग तो सैल करायचा आणि पुन्हा, गाडीच्या पुस्तकात जेवढा सांगितला असेल तेवढाच, बहुधा जवळजवळ बोटांच्या जोराने, लावायचा. चाक मोकळे फिरावे आणि प्ले हाताला जेमतेम जाणवावा. “घट्ट म्हणजे पक्के” हा आपला सर्वसाधारण समज इथे घात करतो. फार आवळलेले टेपर बेअरिंग तापते, ग्रीस जळते, रोलर चिकटतात, आणि मग आसाचे टोकच तुटते. त्या पिकअपचे चाक असेच गेले होते, असे तिथल्या मिस्त्रीने मला तुटलेला तुकडा दाखवून सांगितले. घुमणारे बेअरिंग कोणीतरी ‘जरा आवळून’ दिले होते. स्प्लिट पिन नवी घालावी. जुनी सरळ करून घालणे किंवा तिच्या जागी खिळा वाकवून ठेवणे ही काटकसर नव्हे.

नव्या मोटारीचे दाबून बसवलेले बेअरिंग मात्र घरी बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही काम कसे होते हे मालकाला माहीत असावे, म्हणजे उभे राहून पाहता येते. अॅक्सलचा मोठा नट गाडी जमिनीवर असताना, ब्रेक दाबून, सैल करतात. तो काढल्यावर गाडी ढकलायची नाही. बेअरिंगची दोन्ही अंगे त्या नटानेच एकत्र धरलेली असतात. चाक काढल्यावर ब्रेकचा कॅलिपर सुटा होतो, तो तारेने बांधून ठेवावा, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. मग मिस्त्री ज्याला ‘नकल’ म्हणतात तो पोलादी भाग बाहेर काढून हायड्रॉलिक प्रेसवर नेतात, हब दाबून काढतात, अडकवणारी गोल सर्क्लिप काढतात आणि जुने बेअरिंग ढकलून बाहेर काढतात.

नवे बसवताना एकच नियम, पण त्यावर सारे अवलंबून आहे. जे कडे घट्ट बसायचे आहे त्याच कड्यावर जोर द्यायचा. बेअरिंग नकलमध्ये बसवताना बाहेरच्या कड्यावर, आणि हब आत दाबताना आतल्या कड्याला खालून आधार देऊन. जोर गोळ्यांतून गेला की प्रत्येक गोळीखाली कड्यावर बारीक खड्डा पडतो. बेअरिंग नवेच असते, पण पहिल्या दिवसापासून घुमते, आणि मालक म्हणतो कंपनीने फसवले. हातोडा आणि छिन्नी घेऊन कोणी ठोकू लागला तर हात जोडून त्याला थांबवा. प्रेस असलेल्या दुकानात फक्त तो भाग नेऊन दाबून आणता येतो. एबीएसच्या गाडीत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. ती बाजू उलटी बसली तर दिवा लागतो आणि सारे काम पुन्हा करावे लागते. जुन्या बेअरिंगचे कडे हबवर फिरून हब झिजला असेल तर हबही बदलावा. त्यावर पंचने टिंब मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून बेअरिंग घट्ट बसवण्याची चाल आहे. ती चाल चाकाच्या बाबतीत मला मुळीच मान्य नाही. अॅक्सलचा नट नवा घालावा आणि मोजून आवळणाऱ्या टॉर्क पान्याने, पुस्तकातल्या आकड्याइतकाच, आवळावा. शॉकअॅब्सॉर्बरचे बोल्ट सोडले असतील तर शेवटी चाकांचे अलाइनमेंट पाहून घ्यावे. एका बाजूचे गेले म्हणून दुसऱ्या बाजूचेही बदललेच पाहिजे, असे नाही. ते तपासा, शांत असेल तर राहू द्या.

ज्यांना घाई वाटत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि तो आपल्या जिल्ह्यातून जातो. गावच्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने कुजबुजणारे बेअरिंग घेऊन लोक लग्नाला म्हणून त्या मार्गावर चढतात आणि ताशी एकशेवीस वेग धरतात. चाकाचे फेरे तिप्पट होतात. घुमणारे चाक घेऊन गॅरेजपर्यंत सावकाश जाता येते. लांबच्या प्रवासाला जाऊ नये. आणि गाडी शाळेच्या मुलांची असेल तर तिच्यात त्या दिवशी मुले बसवू नयेत. मुख्याध्यापकांना आणि गुरुजींना हे सांगण्याचा पूर्ण अधिकार आहे. गाडीवाला ओळखीचा असतो, काका-मामा म्हणण्यातला असतो, म्हणून बोलायला अवघड वाटते. आठवड्यातून एकदा फाटकापाशी उभे राहून गाडी येताना नुसती ऐका. तेवढ्याने पुष्कळ कळते.

काम झाल्यावर जुने बेअरिंग मिस्त्रीकडून मागून घ्या. रॉकेलमध्ये धुऊन उन्हात पाहा. कड्यावर तपकिरी गंज आणि कोरलेल्यासारखे डाग असतील तर पाणी शिरले होते. नाल्याचा रस्ता आणि सील यांचा विचार करा. सारख्या अंतरावर बारीक खड्डे असतील तर मागच्या वेळी ते ठोकून बसवले होते किंवा गाडी मोठ्या खड्ड्यात आदळली होती. निळसर-काळा रंग दिसला तर ते तापले. ग्रीस कमी होते किंवा नट जास्त आवळला होता. एकाच पट्ट्यात खपल्या निघाल्या असतील आणि बाकी सारे स्वच्छ असेल, तर ओझे पाहा, किंवा ते वय होऊन गेले असे समजा. पाहून झाल्यावर ते शाळेत द्या. कडा बोथट करून, स्वच्छ पुसून, विज्ञानाच्या कपाटात ठेवता येते. त्यावर कोरलेला आकडा मुलांना मोठ्याने वाचायला सांगा, आणि एक चांगले बेअरिंग शेजारी ठेवून दोन्ही बोटावर फिरवून त्यांच्या कानाशी धरा.